नवीन टीव्ही आणि शेंदूर फासलेली माणसं

आमचा जुना टीव्ही गेला तो अर्धवट गेला. म्हणजे आवाज चालू, चित्र गुल. पितृपक्ष चालू होता, संध्याकाळची सासूबाईंची मालिका लागलेली, आणि एकदम काळा पडदा, पण आतून माणसांची भांडणं अगदी स्वच्छ ऐकू येतायत. चिरंजीवांनी मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धरला तर काय, आत नायिका होती! भुतासारखी फिकट, पण होती. मग तो टॉर्च जिकडे फिरवेल तिकडचं तेवढं दिसायचं, कोपऱ्यात धरला की तुळशीवृंदावन, मधे धरला की सासऱ्याच्या मिशा. सासूबाई म्हणाल्या, "अरे जरा डावीकडे धर, ती काय करतेय बघू दे."

कारण साधं आहे. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो खरं तर एलसीडीच असतो, चित्र एलसीडीच्या काचेत तयार होतं आणि एलईडी म्हणजे नुसते मागे लावलेले दिवे. आमच्या 2011च्या टीव्हीतले मागचे दिवे गेले होते, काच बिचारी आपलं काम करतच होती. 32 इंची होता, इंदूरच्या रामबागेतल्या ह्याच घरात आणलेला, आणि त्याच डिसेंबरात सेहवागने होळकर स्टेडियमवर वेस्ट इंडिजला धुतलं ते 219 आम्ही ह्याच्यावरच बघितले. स्टेडियम गावात, आणि आम्ही घरात शेव-परमल खात. तेव्हा पासेस मिळाले नव्हते ह्याचं दुःख आमच्या ह्यांना अजून आहे.

आता पितृपक्षात नवीन वस्तू घ्यायची नाही हा आमच्याकडचा नियम, आणि 2025 साली गंमत अशी झाली की 22 सप्टेंबरपासून 32 इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के होणार हे आधीच जाहीर झालेलं, आणि घटस्थापनाही त्याच दिवशी. शास्त्र आणि सरकार दोघं एकाच बाजूला, असं आयुष्यात किती वेळा होतं सांगा. म्हणजे कराच्या आधीची किंमत 25,000 धरली तर आधी 32,000 पडले असते ते आता 29,500. अडीच हजार रुपयांसाठी कोणीही टॉर्चवर मालिका बघेल. आम्ही बघितली.

दसऱ्याला महाराणी रोडवरून 43 इंची 4के आणला. झेंडूचं फूल वाहिलं, खोक्यावर स्वस्तिक काढलं, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

पहिला पचका शोकेसचा. आमच्या शोकेसमधली टीव्हीची जागा सुताराने बरोब्बर तीन फूट रुंद केलेली. मी दुकानात म्हटलं होतं की अहो 43 इंच मावणार नाही, तर ह्यांनी मला तिथल्या पोरासमोर समजावलं की इंच तिरपे मोजतात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, त्यामुळे रुंदी कमीच असते. बरोबर आहे की. रुंदी कमीच असते. 43 इंचाच्या टीव्हीची रुंदी असते साडेसदतीस. तीन फूट म्हणजे छत्तीस. दीड इंचासाठी टीव्ही शोकेससमोर नवऱ्या मुलासारखा उभा राहिला, आत घेईनात. ह्यांनी शोकेसची बाजू ठोकून बघितली, वाजवून बघितली, मग म्हणाले भिंतीवरच लावू, तसंही हल्ली भिंतीवरच लावतात.

इंस्टॉलेशनवाला दोन दिवसांनी आला. त्या आठवड्यात इंदूरमधल्या निम्म्या भिंतींना भोकं पाडायची होती बहुतेक त्याला, इतका घाईत. मी म्हटलं भैया जरा खाली लावा, तर म्हणे, "भाभीजी, सब लोग इतना ही लगवाते हैं, बच्चों का हाथ नहीं पहुँचेगा." आमचा बच्चा सहा फुटाला आलाय. पण तोपर्यंत ड्रिल चालू झालेलं. आमच्या जुन्या घराच्या भिंतीचं प्लास्टर असं की पहिल्या भोकात प्लास्टिकची गिट्टी घातली ती आत जाऊन हरवलीच, ढेपाळलं सगळं, मग त्याने भोक दोन इंच वर सरकवलं, आणि टीव्ही अजून दोन इंच वर गेला. झालं. मग ब्रॅकेटचे वेगळे पैसे, जुन्या सेट टॉप बॉक्सच्या त्याच पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी मागे खोचल्या, भराभर रिमोटवर ओके ओके ओके दाबलं, "देखो कैसा चमक रहा है", आणि गेला. चहासुद्धा अर्धा राहिला.

चमकत होता हे खरं. आम्ही तिघं खूश. सासूबाई दिवाणावर बसून पाच मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यापेक्षा जुना बरा होता."

आता खरं सांगते, मला राग आला. तीस हजार घातले, आणि हे. ह्यांनी तर "आई, तुला सवय नाही" म्हणून विषय संपवला. पण पुढच्या दोन आठवड्यांत त्यांनी ज्या ज्या तक्रारी केल्या ना, त्यातली एक एक मी चिडून तपासत गेले, त्यांना चूक ठरवायलाच, आणि प्रत्येक वेळी निघालं काय तर त्यांचं म्हणणं बरोबर, आणि बहुतेक तक्रारींना टीव्हीच्या मेन्यूत चक्क एक नाव आहे.

पहिली तक्रार: "सगळ्यांना मारुतीसारखा शेंदूर का फासलाय?"

बघितलं तर खरंच. निवेदिका शेंदरी, मुख्यमंत्री शेंदरी, जाहिरातीतलं बाळसुद्धा शेंदरी. सेटिंगमध्ये गेले तर पिक्चर मोड 'व्हिव्हिड'. म्हणजे रंग पार वर चढवलेले आणि पांढऱ्यात निळी झाक. मी तो बदलून स्टँडर्ड केला, ब्राइटनेस उतरवला, येऊन बसले, आणि पाच-सात मिनिटांत परत शेंदूर! पुन्हा बदलला, पुन्हा तेच. तीन दिवस मला वाटलं टीव्ही बिघडलेला आलाय. मधे मधे खाली एक पट्टीपण यायची, 4के, अमुक तमुक प्रोसेसर, जणू काही आपल्यालाच आपला टीव्ही विकतायत. मग चिरंजीवांनी शोधून काढलं की पहिल्यांदा चालू करताना टीव्ही विचारतो, घरी लावताय की दुकानात, आणि आमच्या ओके ओके ओकेवाल्याने दाबलं होतं दुकान. दुकान मोडमध्ये कोणी सेटिंग बदललं तरी टीव्ही थोड्या वेळाने आपोआप परत झगमगाटावर येतो, कारण दुकानात ट्यूबलाईटच्या उजेडात शेजारच्या वीस टीव्हींशी त्याची स्पर्धा असते. तो होम मोड केला आणि पट्टीही गेली, शेंदूरही. रात्री मी सिनेमा मोड लावते. पहिले दोन दिवस पिवळट वाटतो, जुन्या बल्बच्या उजेडासारखा, मग डोळा बसतो. कातडीचा रंग कातडीसारखा दिसतो एवढं पुरे.

दुसरी: "अंधुक दिसतं."

इथे मी म्हटलं आता नंबर वाढला असेल. तर नाही. टीव्ही वर, म्हणून त्या मान मागे टाकतात, आणि मान मागे टाकली की त्यांच्या चष्म्याचा खालचा भाग, पोथी वाचायचा, तो डोळ्यासमोर येतो. लांबचं बघायचं वाचायच्या काचेतून, मग काय दिसणार कपाळ. वर मानेचं दुखणं वेगळं, रोज रात्री बाम.

मग एका रविवारी पोहे-जिलेबी झाल्यावर मी नईदुनियाचे जुने अंक काढले, सेलोटेपने चिकटवून साडेसदतीस बाय एकवीस इंचाचा चौकोन केला, सासूबाईंना दिवाणावर त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं, पाठीला तक्क्या, आणि जमिनीपासून त्यांच्या डोळ्यापर्यंत टेपने मोजलं. बेचाळीस इंच. आणि आमच्या टीव्हीचा मधला बिंदू होता बासष्टवर. वीस इंचांचा फरक! तो कागदाचा टीव्ही भिंतीवर खाली चिकटवला, मधला बिंदू बेचाळीसवर, आणि म्हटलं, "आई, बघा आता, मान कशी आहे?" त्या त्या कागदाकडे गंभीरपणे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मान ठीक आहे, पण बातम्या मार्चच्या आहेत."

पुन्हा माणूस बोलावला, ह्या वेळी कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन, त्याने भिंतीत जरा खोल जाऊन विटेत लांब स्क्रू बसवले. टीव्ही सात-आठ किलोचाच असतो, पण नुसत्या प्लास्टरच्या भरवशावर नको. मागे चार भोकं असतात, आमच्यात एकमेकांपासून 200 मिलिमीटरवर, ब्रॅकेट घेताना हा आकडा बघून घ्यायचा. आणि एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही ती म्हणजे ब्रॅकेट भिंतीला अगदी चिकटणारं असलं की मागे बोटसुद्धा जात नाही, सरळ मागे तोंड असलेल्या एचडीएमआयच्या (चित्र आणि आवाज एकाच वायरीने आणणाऱ्या) भोकात वायर लावायची तर ती वाकायला जागा नाही. म्हणून मी टांगायच्या आधीच बाजूच्या भोकांत दोन लांब वायरी लावून खाली सोडून ठेवल्या. वरची जुनी भोकं अजून तशीच आहेत, सध्या त्यावर कॅलेंडर.

एचडीएमआयवरून आठवलं, तिसरी तक्रार: "हे सगळे लोक एवढे जाडे कधी झाले?"

बरेच जुने सिनेमे आणि जुन्या गाण्यांचे कार्यक्रम हे 4:3च्या चौकटीतले, म्हणजे चार रुंद तर तीन उंच. आपला टीव्ही 16:9. सेट टॉप बॉक्सच्या डब्याने किंवा टीव्हीने ते चित्र ताणून अख्ख्या पडद्यावर पसरलं की माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. म्हणजे साठ किलोची नटी ऐंशीची दिसते म्हणा ना. रिमोटवर किंवा डब्याच्या सेटिंगमध्ये आस्पेक्ट रेशो नावाचा प्रकार असतो, तिथे ओरिजिनल किंवा ऑटो करायचं, ताणलेलं काढायचं. केलं. बारीक झाले सगळे. पण चेहऱ्यांच्या कडा तरी दातेरीच.

तिथे दोष डब्याचा आणि त्या तीन रंगी वायरींचा. आमचा सेट टॉप बॉक्स साधा, एचडी नाही. साध्या चॅनलचं चित्र असतं 720 बाय 576 ठिपक्यांचं, आणि 4के पडद्याचे ठिपके 3840 बाय 2160. गुणून बघा, बरोब्बर वीसपट निघतं, एकही कमी जास्त नाही. म्हणजे एका माणसाचं वरण वीस जणांच्या पंगतीला वाढायचं. टीव्ही पाणी घालून घालून पुरवतो बिचारा, पण चव कुठून येणार? डबा बदलून एचडी घेतला, एचडीएमआयने जोडला, आणि महत्त्वाचं म्हणजे चॅनलही एचडीवाले घेतले, कारण एचडी डब्यावर साधं चॅनल लावलं तर ते साधंच राहतं (हे आम्ही दोन दिवस करत होतो). आता दिसतं छान.

आणि हे लिहिताना एक कबुली, सात फुटांवरच्या दिवाणावरून 43 इंचाच्या पडद्यावर फुल एचडी आणि 4के ह्यातला फरक डोळ्याला कळत नाही. कळायचा तर तीन-चार फुटांवर बसायला हवं. दुकानात आपण नाक लावून बघतो म्हणून तिथे कळतो. ह्यांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

चौथी तक्रार मला सगळ्यात जास्त आवडली. एक दिवस ओटीटीवर सिनेमा लावला तर दहा मिनिटांत म्हणाल्या, "हा सिनेमा मालिकेसारखा का दिसतोय? सानंद संस्थेच्या नाटकाचं कोणी शूटिंग करून आणल्यासारखं वाटतंय." मला काही कळेना, चित्र तर लोण्यासारखं सरकत होतं. मग वाचलं तर ह्या प्रकाराला जगभर सोप ऑपेरा इफेक्टच म्हणतात! म्हणजे माझ्या सासूने दिवाणावर बसून, हातात शेंगा सोलत, तेच नाव ठेवलं. भानगड अशी की सिनेमात सेकंदाला 24 चित्रं असतात, आमचा टीव्ही सेकंदाला 60 दाखवू शकतो, मग तो मधली चित्रं स्वतःच्या मनाने तयार करून भरतो, हालचाल गुळगुळीत होते आणि सिनेमाचा सिनेमापणा जातो, कारण गेली कित्येक वर्षं आपल्या डोळ्याला तशी गुळगुळीत हालचाल फक्त बातम्या, मालिका, व्हिडिओत बघायची सवय. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं बाळसेदार नाव दिलंय, सोनीकडे मोशनफ्लो, एलजीकडे ट्रूमोशन. मोशन असं काही दिसलं की जाऊन बंद करा. क्रिकेटलाही मी बंदच ठेवते, कारण वेगात चेंडू गेला की टीव्हीचा अंदाज चुकतो आणि चेंडूला शेपूट फुटतं.

आवाजाचं तर विचारूच नका. "बोलतात ते कळत नाही, गाणं लागलं की कान फाटतात." टीव्ही जितका पातळ तितका त्याचा आवाज केविलवाणा, कारण स्पीकर ठेवायला समोर जागाच नाही, ते खाली तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी जमिनीवर जातो मग आपल्याकडे येतो. त्यात वयाने आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, स, श, फ, त असले, मग वाक्य ऐकू येतं पण शब्द कळत नाही. आणि ओटीटीचा आवाज कधी कधी पाच स्पीकरांसाठी केलेला असतो, तो दोनांत कोंबला की संवाद खाली दबतात. मेन्यूत क्लिअर व्हॉइस असतं ते लावलं, बराच फरक पडला. शेवटी भाऊबीजेच्या ओवाळणीतून मी एक छोटा साउंडबार आणला. तो टीव्हीच्या कुठल्याही एचडीएमआयच्या भोकात लावून चालत नाही बरं का, ज्यावर एआरसी लिहिलंय, म्हणजे जे टीव्हीचा आवाज बाहेर पाठवतं, तिथेच. एकाच रिमोटने दोन्हीचा आवाज कमी जास्त होतो. ब्लूटूथने लावून बघितला होता आधी, तर ओठ पुढे आणि आवाज मागे, परकी भाषेतून डब केल्यासारखं.

वायफायचं थोडक्यात: राउटर बाहेरच्या खोलीत, मधे आमची अठरा इंची भिंत, 5 गिगाहर्ट्झवाला सिग्नल तिथेच मान टाकायचा. 2.4वर टाकला, चालतंय.

आता 19 ऑक्टोबर. रविवार, दिवाळीचा फराळ निम्मा झालेला, आणि होळकर स्टेडियमवर आपल्या मुलींची वर्ल्डकपची मॅच, इंग्लंडशी. पासेस ह्याही वेळी नाहीत. टीव्ही आता बेचाळीसवर, शेंदूर उतरलेला, नवा डबा त्या दिवशी अजून यायचा होता म्हणून मॅच अॅपवर लावली. इंग्लंडचे 288. आपली सांगलीची स्मृती मानधना अशी खेळत होती की सासूबाईंनी चकलीचा सोऱ्या बाजूला ठेवला. ती 88वर असताना शेजारच्या घरातून एकदम "अरे यार!" असा सामुदायिक आवाज आला. आमच्याकडे ती अजून नीट स्टान्स घेऊन उभी. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे, कोणी काही बोलेना. अर्ध्या मिनिटाने आमच्याकडे आउट झाली.

शेजारी डिश आहे. डिशचं चित्र वर 36,000 किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन खाली येतं तरी त्या प्रवासाला सेकंदाचा पावभाग लागतो. नेटवर मात्र व्हिडिओचे छोटे छोटे तुकडे करतात, ते साठवतात, मग आपला टीव्ही दोन-तीन तुकडे जमल्याशिवाय दाखवायला सुरुवात करत नाही, अडकू नये म्हणून. त्यामुळे चेंडू पडतो आमच्याच गावात, आणि कळतं शेजाऱ्यांच्या ओरडण्यावरून. शेवटच्या ओव्हरमध्ये शेजारी एकदम शांत झाले. ओरडले नाहीत, काहीच नाही. सासूबाई म्हणाल्या, "हरलो वाटतं." आमच्या पडद्यावर अजून आशा होती. चार धावांनी हरलो. (नंतर 2 नोव्हेंबरला ह्याच मुलींनी कप जिंकला, पण तोपर्यंत एचडी डबा आला होता, त्यामुळे आम्हीही शेजाऱ्यांच्या बरोबरीने ओरडलो.)

राहिला रिमोट. त्याला आकड्यांची बटणंच नाहीत! सासूबाईंना चॅनलं नावाने नाही, नंबराने पाठ आहेत, जसे जुने फोन नंबर. त्यावर मेन्यूत काहीही नाव सापडलं नाही. मग डब्याचाच जाडा रिमोट त्यांना दिला आणि कंपनीचा गुळगुळीत रिमोट शोकेसमध्ये, जिथे टीव्ही मावला नव्हता तिथे ठेवलाय.

परवा सासूबाई समोरच्या काकूंकडे हळदीकुंकवाच्या वेळी ठरलेलं भिशीचं बोलायला गेल्या होत्या. त्यांच्याकडेही दिवाळीत नवीन टीव्ही आलाय, 55 इंची. आल्या आणि चप्पल काढता काढता म्हणाल्या, "अगं, त्यांच्याकडे सगळे शेंदरी आहेत. आणि टीव्ही पार छताला. बिचाऱ्यांना कोणी सांगितलेलंच नाही. मी सांगून आलेय की आमची सून येऊन करून देईल."

तर आज चारला जायचंय. टेप घेतलीय, सेलोटेप घेतलाय, आणि 55 इंचासाठी नईदुनियाचे अंक पुरतील की नाही ते मोजतेय.